सतरा ठिपके

१

आमच्या घरात गुन्हा घडल्याची बातमी एका दुपारी पिवळ्या पाकिटातून आली, आणि आल्या आल्या माझ्या मुलाने गुन्हेगारही ठरवून टाकला. त्याची घाई मला नवी नाही. तो वकील आहे, आणि त्याला मीच जन्म दिला आहे.

पाकिटात यांच्या मेंदूचे फोटो होते. यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अलीकडे विसर पडतो. दोन वर्षांपूर्वी त्यासाठी एमआरआय केला, तेव्हा मेंदूत रक्त झिरपल्याचे दोन बारीक ठिपके सापडले होते. वयाचा भाग म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिले. आता नव्या अहवालात लिहिले होते : ठिपके सतरा, मागच्या तपासणीच्या मानाने पुष्कळ वाढ, डोक्याला वारंवार मार लागला आहे काय याची चौकशी करावी.

"वारंवार मार," मुलाने ते शब्द पुन्हा एकदा वाचले. "आई, दिवसभर बाबांजवळ कोण असतं?"

त्याचे उत्तर चहा घेऊन दारातच उभे होते.

तिला आमच्याकडे सगळे फौजदार म्हणतात. नाव यांनीच ठेवले. कारण गोळी गिळल्याशिवाय ती यांना खुर्चीतून उठू देत नाही आणि चपला घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही. पन्नाशीची, अंगाने भक्कम, बोलायला कंजूष. गेली चार वर्षे ती सकाळी येते आणि यांना निजवून घरी जाते. माझे नाव यांच्या जिभेवर येत नाही असेही दिवस आता उजाडतात. पण 'फौजदार' अडल्याचे मी ऐकलेले नाही. याचा मला मत्सर वाटतो, आणि तो मी कोणाला दाखवत नाही.

कप तिने डाव्या हाताने एकेक करून टेबलावर ठेवले. थोडा चहा बशीत सांडला. तिच्या हातून चहा सांडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"अहवाल बाजूला ठेव," मी मुलाला म्हटले. "मी आधी फोटो बघते." सारी हयात मी हेच काम केले आहे. इस्पितळाच्या क्ष-किरण विभागाची मी प्रमुख होते, आणि दुसऱ्याने काय पाहिले ते वाचण्याआधी आपण काय पाहतो ते ठरवावे, असे मी तीन पिढ्यांच्या डॉक्टरांना दटावून शिकवले. "अडगळीच्या खोलीत वरच्या फळीवर माझी दिव्याची पेटी आहे, ती घेऊन ये."

ही पेटी म्हणजे पांढऱ्या काचेचा एक चपटा डबा. आत दोन ट्यूब असतात, आणि काचेवर फिल्म अडकवून पाहायची असते. निवृत्त होताना मी ती इस्पितळातून मागून आणली होती. दोन वर्षांपूर्वी ती लुकलुकू लागली, तेव्हा मी वैतागून म्हणाले होते, "निकामी झाली, माझ्यासारखीच. टाका वर."

"ती कशाला, बाई?" फौजदार घाईने म्हणाली. "तिचा चोक गेलाय. लागायची नाही ती."

मग मी खिडकीच्या उजेडातच फिल्म धरल्या. जुन्या पाकिटात एकच होती. नव्यात जाड गठ्ठा. जुन्या फिल्मवर करड्या मेंदूत दोन काळे ठिपके होते, बाकी सगळे मोकळे. नव्यावर ठिपकेच ठिपके, आणि त्यांच्यामधून पिंपळाच्या वाळक्या पानावर असतात तशा नाजूक काळ्या रेषा सगळीकडे पसरलेल्या. काम सुरेख होते. त्यात मला काहीतरी खटकत होते, पण काय ते ओठावर येईना.

"उद्यापासून तिने यायचं नाही," मुलगा म्हणाला. "आणि उद्या मी पोलिसांत जातोय."

"तू कुठंही जात नाहीस. दोन दिवस हे प्रकरण माझ्याकडे."

"आई, हे काही कोर्ट नाही."

"म्हणूनच इथं नीट ऐकून घेतलं जाईल." मी फौजदाराकडे वळले. "तू यांच्यावर कधी हात उचललास?"

"नाही, बाई." तिने माझ्या डोळ्यांत पाहून सांगितले.

"हे कधी पडले होते?"

तिने खाली पाहिले. मग बशीत सांडलेला चहा ती डाव्या हाताने पुसू लागली.

२

साक्षीदार आपल्याच घरातले असले की त्यांना एकेकटे बोलवावे. एकत्र बसवले की ते एकमेकांचे शब्द उसने घेतात. मी पहिल्यांदा मुलाला माझ्या खोलीत घेतले आणि दार लावले.

"काय पाहिलंस ते सांग. काय वाटतं ते नको."

"रविवारी बाबांना शर्ट घालत होतो. उजव्या कोपरावर हा एवढा काळानिळा डाग." त्याने तळहात उघडून दाखवला. "विचारलं तर म्हणाले, 'शाई असेल.' शाई! आणि ती शेजारीच उभी. मी तिच्याकडे बघितलं, तर लगेच बाह्या खाली ओढून बटणं लावली. एवढ्या उकाड्यात!"

"डोक्याला काही?"

"दिसलं तरी नाही. पण केसांत कोण बघतंय?"

"मी बघते. रोज मीच त्यांचा भांग पाडते."

सूनबाई आली ती हातात पुरावा असल्यासारखी. ती हुशार आहे, आणि हुशारी लपवण्याचे कष्ट घेत नाही.

"आई, मी बोलणार नव्हते. पण खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या होत्या. गेल्या आठवड्यात दुपारी आपल्या घरात काहीतरी धाडकन पडलं म्हणे. त्यांच्या पंख्याची पाती हलली. त्या विचारायला वर आल्या, तर फौजदार दारातूनच म्हणाली, 'ट्रंक पडली.'"

"मग?"

"आपल्याकडे ट्रंक आहे कुठं?"

हे खरे होते. शेवटची ट्रंक मीच भंगारात दिली होती.

"आणि अजून एक. तुम्ही दुपारी आडव्या झालात की ती अडगळीच्या खोलीला आतून कडी लावते. बाबांना घेऊन. मी एकदा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले, दार वाजवलं, तर म्हणाली, 'जरा थांबा, आवरतेय.' दोघं बाहेर आले तेव्हा बाबांना घाम फुटला होता. काय आवरत होती ती?"

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, बारीकसारीक गोष्टींत नाक खुपसू नकोस."

म्हणाले असते. सूनबाईचा हा गुण मी मान्य करते : ती मला ओळखते.

शेवटी मी यांच्याकडे गेले. हे खिडकीशी बसून मनगटावरचे घड्याळ कानाला लावून ऐकत होते. हे इस्पितळात यंत्रांच्या दुरुस्तीचे अभियंता होते. बंद पडलेल्या वस्तूशी बोलण्याची यांची जुनी सवय आहे.

"अहो, तुम्ही पडला होतात का हो?"

"मी? मी कशाला पडतोय?" यांना खरोखर नवल वाटले. हे खोटे बोलतात तेव्हा यांची डावी भुवई चढते. ती जागची हलली नव्हती.

"दुपारी त्या खोलीत काय करता?"

"कुठल्या खोलीत?" पुन्हा तेच निष्पाप डोळे. मग जरा चाचरत, "फौजदारांना विचार. त्यांना माहीत असेल."

मी यांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या नखात चंदेरी कण अडकलेला होता. गोळ्यांच्या पाकिटाचा असावा, असे समजून मी तो काढून टाकला. मी इतका मोठा पुरावा इतक्या सहज कधीच फुंकून टाकला नव्हता. पण ते मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

३

फौजदाराला मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"ट्रंक कुठली पडली?"

"पडली नाही, बाई."

"म्हणजे खालच्यांशी खोटं बोललीस."

"हो."

"त्या खोलीत काय चालतं?"

"ते सांगता यायचं नाही. शब्द दिलाय मी."

"कोणाला?"

उजवा हात तिने पोटाशी धरला होता, झोळीत ठेवावा तसा.

"माझा मुलगा तुला पोलिसांत द्यायला निघालाय, कळतंय का तुला? एकदा असलं नाव लागलं की तुला कोणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाजवळ उभं करणार नाहीत. त्यापेक्षा तो शब्द मोठा आहे?"

"मोठा की लहान ते मला नाही कळत. दिला म्हणजे दिला." मग तिचा आवाज थोडा बसला. "मी त्यांना कधी बोटसुद्धा लावलं नाही, बाई. एवढंच माझं. पण मी गेलेच, तर एक ध्यानात ठेवा. त्यांना आधार डाव्या बाजूनं द्यायचा. उजवीकडून धरलं की दचकतात. आणि गोळी द्यायच्या आधी हातात काहीतरी खोलायला द्या. जुनं घड्याळ, पेन, काही पण. हात गुंतले की मग भांडत नाहीत."

ती निघून गेली. ज्या बाईने मारले, ती जाताना असे सांगते काय? माझे मन नाही म्हणत होते. पण मन हा पुरावा नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत आले. पुरावा फिल्मवर होता, आणि फिल्म म्हणत होती, सतरा.

सकाळी मी पुन्हा खिडकीशी गेले आणि दोन्ही फिल्म काचेवर शेजारी शेजारी धरल्या. ऊन माझ्या हातांवर पडले होते. म्हातारपणी कातडी पातळ होते. मनगटावरच्या निळ्या शिरा माझ्या डोळ्यांसमोर उठून दिसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले, मग नव्या फिल्मवरच्या पानासारख्या रेषांकडे. मग जुन्या फिल्मकडे.

जुन्या फिल्मवर एकही रेषा नव्हती.

मी मुलाला हाक मारली ती बहुधा खालच्या काकूंनाही ऐकू गेली असावी.

"या काळ्या रेषा काय आहेत, ठाऊक आहे? शिरा. रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा. आता मला सांग, दोन वर्षांपूर्वी तुझ्या बाबांच्या डोक्यात शिरा नव्हत्या काय?"

त्याने दोन्ही फिल्म स्वतः उजेडात धरून पाहिल्या.

"गाडी काढ."

४

स्कॅन केंद्राचा प्रमुख डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. डोक्यावरचे केस गेले, पण मला पाहताच तो अजून खिशातला हात बाहेर काढतो.

"मॅडम! तुम्ही कशाला आलात? मीच आलो असतो."

"बस. सतरा हा आकडा तूच लिहिलास?"

"हो, मॅडम. दोनदा मोजले."

"आणि दोन?"

"तो मागच्या रिपोर्टमधला."

"मागची फिल्म पाहिलीस?"

त्याने टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "तुमच्याकडून फिल्म आली नव्हती. रिपोर्टची प्रत होती."

"म्हणजे तू ठिपक्यांची तुलना नाही केलीस. एका कागदावरच्या आकड्याशी दुसऱ्या कागदावरचा आकडा ताडून पाहिलास. हे मी शिकवलं होतं?"

"नाही, मॅडम."

मी जुनी फिल्म त्याच्या हातात दिली. त्याने ती भिंतीवरच्या पेटीवर लावली, आणि दोन पावले मागे सरकला. फार बोलावे लागले नाही. चांगल्या विद्यार्थ्याला चूक दाखवली की पुरते. ती समजावून सांगणे हा त्याचा अपमान असतो.

माझ्या मुलाला मात्र समजावून सांगणे भाग होते. ते काम माझ्या विद्यार्थ्यानेच केले, आणि बरे केले.

"बघा, मेंदूत रक्ताचा एखादा थेंब झिरपला की रक्त विरून जातं, पण त्यातलं लोह तिथंच राहतं. वर्षानुवर्षं. त्या लोहामुळे यंत्राच्या चुंबकात जरासा बिघाड होतो आणि फोटोत काळा ठिपका उमटतो. हा बिघाड पकडायच्या पद्धती दोन. जुनी, तिला आम्ही टी-टू स्टार म्हणतो, मेंदूचे जाडजाड काप घेते. मोठे ठिपके तिला दिसतात, बारीक सुटतात. नवी पद्धत एसडब्ल्यूआय. तिचे काप पातळ, आणि चुंबकातला अगदी लहानसा फरकही ती मोठा करून दाखवते. शिरांमधल्या रक्तातही लोह असतं, म्हणून तिच्यात शिरासुद्धा दिसतात. जुनीत त्या बहुतेक दिसतच नाहीत."

"म्हणजे ही पंधरांची भर पडलेलीच नाही?" मुलाने विचारले.

"ते फिल्मवरून सांगता यायचं नाही," मी म्हटले. "आधी डोळे अधू होते, आता चष्मा लागला. चष्मा लावल्यावर तारे जास्त दिसले म्हणून आभाळात तारे वाढले असं होत नाही. पण एखादा वाढला नसेलच, असंही नाही. त्यासाठी दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी बघायला हवं." मी विद्यार्थ्याकडे वळले. "यांना आज आणते. एकाच बैठकीत दोन्ही पद्धतींनी काढ. कापही जुन्यात होते तेवढेच जाड घे."

हे यंत्रात शिरायला तयार होईनात. आतल्या ठकठकीला घाबरतात. यांना घेऊन आलेल्या फौजदाराने यांच्या हातात चिमटा दिला, अख्खा प्लास्टिकचा, धातूचा कणही नसलेला. "हा बिघडलाय, साहेब. आत पडल्या पडल्या बघा जरा." हे चिमटा उघडत-मिटत निमूट आत गेले. मुलगा काचेपलीकडून ते पाहत होता. तिला उभे राहायला त्याने वाट करून दिली.

निकालाला तासभर लागला. आधी नवी पद्धत. सतरांपैकी दोन ठिपके पुढच्या कापात सरकत जाऊन रेषा झाले. ते ठिपके नव्हतेच, आडव्या कापलेल्या शिरा होत्या. याच पद्धतीच्या जोडचित्रात एकाचा रंग शिरांच्या उलट आला. शिरेत रक्त असते हे कोणत्याही यंत्राला मान्य. म्हणून शिरेसारखा जो दिसतो तो रक्ताचा, जो उलट दिसतो तो चुन्याचा साधा खडा. राहिले चौदा.

मग जुनी पद्धत लावली. तेच डोके, तीच दुपार. विद्यार्थ्याने मोजले, मी मोजले.

जुन्या डोळ्यांना आज दिसत होते तीन.

"दोन आधीचेच, त्याच जागी," तो म्हणाला. "म्हणजे मॅडम, सारख्याला सारखं लावलं तर वाढ फक्त एकाची."

मी सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात मुलगा म्हणाला, "पण एक तर आहे ना? तो एक कुठून आला?"

५

संध्याकाळी मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावले. हे मात्र आत झोपले होते. फौजदार दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"वकीलसाहेबांनी विचारलंय, तो एक ठिपका कुठून आला. तर ऐका. डोक्याला मार लागतो तेव्हा ठिपके बहुधा मेंदूच्या कडेकडेनं उमटतात, जिथं वरचा थर आतल्याला मिळतो. हा नवा ठिपका खोल आत आहे, जुन्या दोघांच्या शेजारी. तिथं रक्तदाबाचे ठिपके उमटतात. दोन वर्षांत एक. या वयात त्याला कोणाचा हात लागत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदललीय, आणि स्कॅन केंद्रानं तो रिपोर्ट मागे घेतलाय."

"मग बाबांच्या कोपराचं काय? तो धाडकन आवाज?" सूनबाई म्हणाली.

"त्याच्याकडेच येते. हे पडले होते. डोक्यावर नाही, आणि कोणी ढकललं म्हणूनही नाही." मी फौजदाराकडे पाहिले. ती दारातून हलली नाही, पण तिची बोटे चौकटीवर घट्ट झाली. "माझ्या दिव्याच्या पेटीचा चोक गेलाय हे तुला कसं कळलं?"

ती चमकली.

"ती दोन वर्षं वरच्या फळीवर पडून आहे. मी फक्त 'लुकलुकते' म्हणून ती वर टाकायला लावली. लुकलुकणाऱ्या दिव्याची ट्यूब गेलीय, स्टार्टर गेलाय की चोक, हे उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तू उघडली नाहीस. तुला दिव्यातलं काही कळत नाही. बल्ब बदलायलासुद्धा तू वॉचमनला बोलावतेस. मग उघडली कोणी? या घरात बिघडलेल्या वस्तूचं पोट फाडणारा एकच माणूस आहे. आणि काल मी यांच्या नखातून जो चंदेरी कण काढून फेकला, तो गोळ्यांच्या पाकिटाचा नव्हता. तारेला डाक देतात त्या शिशाचा होता."

"बाबा? सोल्डरिंग?" मुलगा अर्धवट उठला.

"खाली बस. पेटी वरच्या फळीवर. हे कोणाचं ऐकणारे नव्हेत. स्टुलावर चढले, पेटी हातात आली, तोल गेला. आवाज खालच्यांनी ऐकला. कोपर भिंतीला घासलं असणार. पण तेवढ्या उंचीवरून, त्या पेटीसकट, या वयाचा माणूस फरशीवर आदळला असता तर आज तो आत घोरत नसता. मग हे कशावर पडले?" मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. "उजवा हात वर कर."

"बाई..."

"कर म्हटलं ना."

तिने हात उचलला. खांद्यापर्यंतही तो पोचला नाही. ओठ दाबून धरले तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलेच.

"आठवडाभर डाव्या हातानं कप ठेवतेयस. हे तुझ्या अंगावर पडले. तू मध्ये आलीस."

मुलाने मान खाली घातली होती, आणि मी त्याला ती वर करायला सांगितले नाही.

"मग सांगायचं ना!" सूनबाई कळवळून म्हणाली. "आम्ही तुम्हाला काय काय बोललो!"

"साहेबांनी शब्द घेतला होता," फौजदार म्हणाली. "पेटी लागेपर्यंत बाईंना कळू द्यायचं नाही. म्हणाले, 'ती म्हणते मी निकामी झाले. लावून दाखवतो तिला.' मीच सांगितलं, कडी लावून बसू, सोल्डरिंगचं बटण माझ्या हातात राहील. रोज थोडं थोडं करतात. पडल्यावर मला म्हणाले, 'लागली म्हणजे मीच सगळं सांगेन, फौजदार. तोवर गप्प.'"

"पण मी त्यांना विचारलं!" मी म्हटले. "ते म्हणाले, मी पडलोच नाही."

"त्यांना आठवत नाही, बाई. त्याच संध्याकाळी विसरले. शब्द घेतलेलापण विसरले." तिने पदराने डोळे टिपले. "रोज दुपारी खोलीत नेलं, पेटी समोर दिसली की तेवढ्यापुरतं आठवतं. मग परत जातं. पण ते विसरले म्हणून मी कसं विसरू?"

चार वर्षे मी हिला यांच्या गोळ्या सांभाळणारी समजत होते. ती यांच्या विसरलेल्या गोष्टीही सांभाळत होती.

"उद्या सकाळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे," मी म्हटले. "गाडी माझा मुलगा चालवेल. आणि वाटेत त्याला जे बोलायचंय ते तो बोलेल. माझ्यासमोर बोलायची गरज नाही."

"आत्ताच बोलतो," तो म्हणाला, आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. काही गोष्टी आईने ऐकायच्या नसतात.

६

दुसऱ्या दिवशी तिचा हात गळ्यात अडकवलेला होता. हाड शाबूत होते. स्नायू दुखावला होता. सूनबाईने तिला घरी आराम कर म्हणून बजावले, आणि दुपारी ती नेहमीच्या वेळी दारात हजर होती.

"बटण कोण धरणार?" एवढेच ती म्हणाली.

मी आडवी झाले नाही. थोड्या वेळाने अडगळीच्या खोलीचे दार ढकलले. कडी आज लावलेली नव्हती. स्टूल गायब होते, ते मीच काल बाहेर काढायला लावले होते. टेबलावर माझी पेटी उघडी पडली होती, तारा नीट वळवून बांधलेल्या, अगदी पूर्वी बांधत तशा. याच पेटीची दुरुस्ती करायला हे पहिल्यांदा माझ्या खोलीत आले होते. तेव्हा मी यांना म्हणाले होते, "लवकर आटपा, मला काम आहे." आणि यांनी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त केल्या होत्या.

यांनी वर पाहिले. हसून, पण अनोळखी माणसाकडे हसावे तसे.

"या, या. बसा."

पेटीत दिवा लागलेला होता. जरासुद्धा लुकलुकत नव्हता. मी हातातली नवी फिल्म काचेवर अडकवली. उजेडात त्या शिरा पानासारख्या उमलून आल्या. हे पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवून बघू लागले.

"काय बारीक काम आहे हो! कोणाचं?"

"एका माणसाचं. माझ्या ओळखीचा आहे."

"हात चांगला आहे त्याचा." यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवले. "इथं थोडं झिरपलंय. पण चालेल अजून. अशी यंत्रं लवकर टाकून देऊ नयेत." मग यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बाई, एक विनंती आहे. बाहेर कोणाला बोलू नका. पेटी आमच्या हिची आहे. ती फार कडक आहे, पण मनाची... तिला आधी कळता कामा नये. एवढी मागची बाजू बसवतो, मग हाक मारून दाखवीन म्हणतो."

फौजदाराने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर माझा आवाज ठिकाणावर राहिला नसता.

"नाही बोलणार," मी म्हटले. "शब्द देते."

मी बाहेर आले आणि हलकेच दार ओढून घेतले. केस सारखे केले. चष्मा पुसला. आतून स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता, मधेच यांचे पुटपुटणे, मधेच तिचे "सावकाश, साहेब, सावकाश." मुलगा कामावरून लवकर आला होता, मला दारात ताटकळत उभी पाहून त्याने भुवया उंचावल्या. मी तोंडावर बोट ठेवले. तो चपला न वाजवता माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. तीच, चाळिशीत मारत तशी, जरा ऐटीत.

"अगं, ऐकलंस का? इकडे ये बघू जरा!"

मी आत गेले, तेव्हा मला काहीएक ठाऊक नव्हते.